मेम्ब्रेन कशी निकामी झाली तेही छापा: इंधन घटांचे संशोधक आणि चाचणी समित्यांना खुले पत्र

प्रति,
प्रोटॉन विनिमय मेम्ब्रेनवर चालणाऱ्या इंधन घटांचे संशोधक, त्यांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या ठरवणाऱ्या समित्या आणि या कामाला निधी देणाऱ्या संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या इंधन घटातील मेम्ब्रेनचे, म्हणजे त्यातील पातळ पॉलिमर पडद्याचे, आयुष्य वाढवल्याचा दावा करणारा शोधनिबंध हाती आला की मी त्यात सर्वांत आधी एक तपशील शोधतो: ती मेम्ब्रेन शेवटी कुठे आणि कशाने गेली. बहुतेक वेळा तो सापडत नाही. ठरलेले तास पूर्ण झाले, व्होल्टेज फारसे उतरले नाही, हायड्रोजनची गळती मर्यादेत राहिली आणि चाचणी तिथेच थांबवली, एवढेच कळते. स्टॅक (एकावर एक रचलेल्या घटांचा संच) जुळवणे आणि बंद पडलेले स्टॅक उघडून तपासणे हे माझे काम आहे, आणि त्या कामाच्या दृष्टीने असा निबंध जिथे थांबतो तिथूनच खरी माहिती सुरू होते. म्हणून या पत्रातील मागणी सरळ आहे. मेम्ब्रेनची चाचणी ती निकामी होईपर्यंत चालवावी, रासायनिक आणि यांत्रिक ताण एकत्र द्यावेत, काही काळ तरी घटातून प्रत्यक्ष विद्युतप्रवाह वाहू द्यावा, आणि नंतर मेम्ब्रेन उघडून जे दिसले ते आकड्यांसह प्रसिद्ध करावे.

मागणी साधी असली तरी तिच्यामागची कारणे थोडी सविस्तर सांगावी लागतील.

मेम्ब्रेनकडून आपण परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा ठेवतो. तिने प्रोटॉन जाऊ द्यायचे, पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत आणि इलेक्ट्रॉनही अडवायचे. प्रोटॉनसाठी ती पातळ आणि ओलसर हवी, तर वायू अडवण्यासाठी जाड असलेली बरी. नॅफिऑन या फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या मेम्ब्रेनपैकी जुनी नॅफिऑन ११७ सुमारे १८० मायक्रॉन जाडीची होती, नॅफिऑन २११ अवघी २५ मायक्रॉनची आहे, आणि आज वाहनांच्या स्टॅकमध्ये विस्तारित पीटीएफईच्या (ताणलेल्या टेफ्लॉनच्या) सच्छिद्र जाळीचा आधार दिलेल्या, दहा-पंधरा मायक्रॉनच्या किंवा त्याहूनही पातळ मेम्ब्रेन वापरल्या जातात. पातळ करण्याचा फायदा खरा आहे: विद्युतरोध घटतो आणि कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, तयार झालेले पाणी अ‍ॅनोडकडे (हायड्रोजनच्या बाजूकडे) सहज परतते, त्यामुळे मेम्ब्रेन सगळीकडे ओलसर राहते. पण जाडी निम्मी केली की पलीकडे झिरपणारा वायू साधारण दुप्पट होतो, आणि झिरपणारा वायू हीच रासायनिक ऱ्हासाची सुरुवात असते. पाच मायक्रॉन झीज जुन्या मेम्ब्रेनने सहज पचवली असती. आजच्या मेम्ब्रेनच्या बाबतीत ती जाडीच्या निम्म्यावर जाऊ शकते.

हा प्रश्न नवा नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये थॉमस ग्रब आणि लिओनार्ड नीड्राख यांनी १९५० च्या दशकात ज्या घटाची पायाभरणी केली, तोच घट ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ या यानातून अंतराळात गेला. त्यातील मेम्ब्रेन सल्फोनेटेड पॉलिस्टायरिनची होती. ती ऑक्सिडीकरणाने झिजत असे, आणि तिचे विघटित अंश उतरल्यामुळे घटात तयार होणारे पाणी पिण्यायोग्य राहत नसे. ड्यूपाँटच्या वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅफिऑन तयार केली तेव्हा फ्लोरिनयुक्त साखळीमुळे हा प्रश्न खूपच मागे हटला, पण सुटला नाही. आजही चालू स्टॅकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड किती आहे हे मोजूनच आम्ही आत मेम्ब्रेनची काय अवस्था असेल याचा अंदाज बांधतो.

रासायनिक ऱ्हासाची साखळी आपणास ठाऊक आहेच, तरी पुढच्या मुद्द्यासाठी ती थोडक्यात मांडतो. कॅथोडकडचा ऑक्सिजन मेम्ब्रेनमध्ये विरघळून अ‍ॅनोडपर्यंत पोहोचतो आणि तिथे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर पाण्याबरोबर थोडे हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. लोहाचे आयन असतील तर त्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अत्यंत क्रियाशील रेणुखंड, बनतात. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया ती हीच. हे रॅडिकल साखळीच्या टोकाशी राहिलेल्या कार्बॉक्सिलिक गटावर हल्ला करतात, एक दुवा सुटतो, मागे नवा कार्बॉक्सिलिक गट उघडा पडतो आणि हेच पुन्हा घडते. प्रत्येक सुटलेल्या दुव्यागणिक हायड्रोफ्लोरिक आम्ल बाहेर पडते. २००० च्या दशकात उत्पादकांनी ही टोके फ्लोरिनने बंद केली आणि फेंटन चाचणीत फ्लोराइडचे प्रमाण एकदम खाली आले. त्या चाचणीत मेम्ब्रेनचा तुकडा पेरॉक्साइड आणि अत्यल्प लोह असलेल्या गरम द्रावणात बुडवून ठेवतात. पण तीच मेम्ब्रेन प्रत्यक्ष घटात घातली की झीज चालूच राहते, कारण रॅडिकल केवळ टोकांवर नव्हे तर सल्फोनिक गट वाहणाऱ्या बाजूच्या साखळ्यांवरही हल्ला करतात. बाटलीतल्या चाचणीवर किती भरवसा ठेवायचा हे तेव्हाच ठरायला हवे होते, तरीही आजसुद्धा नव्या पदार्थाचा मुख्य पुरावा म्हणून फेंटन चाचणीचाच आलेख पुढे केला जातो. पन्नास नमुन्यांतून पाच निवडायला ती चाचणी उपयोगी आहे. आयुष्याबद्दल ती जवळपास काहीच सांगत नाही.

यांत्रिक बाजूकडे निबंधांत कमी लक्ष जाते, आणि तपासणीच्या टेबलावर मात्र तीच आधी दिसते. ढोलाचे कातडे दमट हवेत सैल पडते आणि ऊन दाखवले की ताणते, तसेच चारही बाजूंनी आवळून बसवलेल्या मेम्ब्रेनचे होते. फरक इतकाच की मेम्ब्रेनच्या बाबतीत हे भार बदलेल तसे, दिवसातून कितीतरी वेळा घडते. पाणी शोषून ती फुगते तेव्हा तिला पसरायला जागा नसते, म्हणून ती दबते आणि तिला कायमची मोड पडते. पुन्हा वाळते तेव्हा आकसायलाही वाव नसतो आणि तिच्यात ताण निर्माण होतो. वाहनाचा वेग वाढला की पाणी तयार होते, थांब्यावर उभे राहिले की कोरडी हवा पाणी वाहून नेते. हा थकवा सर्वत्र सारखा पडत नाही. कोरडा वायू आत येतो ती जागा, सील आणि प्लॅटिनमचा उत्प्रेरक थर यांच्यामधली उघडी पट्टी, उत्प्रेरक थराला गेलेल्या भेगेच्या नेमकी खालची रेषा, आणि कार्बन कागदाचा एखादा तंतू टोचलेला बिंदू, अशा ठरावीक ठिकाणी तो साचतो. पीटीएफईच्या जाळीने फुगणे आवरले हे मोठेच यश आहे. तरी जाळी भेग पसरू देत नाही म्हणून भेग पडतच नाही असे होत नाही.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. रॅडिकलनी साखळ्या तुटल्या की पॉलिमर ठिसूळ होतो आणि पूर्वी सहज सोसलेल्या ताणाला भेग देतो. भेगेतून किंवा पातळ झालेल्या जागेतून वायू जास्त झिरपतो, त्यामुळे पेरॉक्साइड वाढते, स्थानिक उष्णता वाढते आणि तीच जागा आणखी वेगाने झिजते. म्हणजे मेम्ब्रेन सरासरीने मरत नाही; ती एका ठिपक्यावर मरते, आणि उरलेला भाग बरा असूनही अख्खा स्टॅक थांबवावा लागतो. असे असताना मेम्ब्रेनच्या मधल्या भागातून घेतलेल्या एका नमुन्याचे गुणधर्म सांगून टिकाऊपणाविषयी निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सुचवलेल्या प्रवेगित, म्हणजे ऱ्हास मुद्दाम वेगाने घडवणाऱ्या, चाचण्या जगभर वापरल्या जातात, म्हणून उदाहरण त्यांचेच घेतो. रासायनिक चाचणीत ९० अंश सेल्सिअस तापमान आणि ३० टक्के सापेक्ष आर्द्रता राखून, बाहेरचे परिपथ उघडे ठेवून, म्हणजे प्रवाह वाहू न देता, घट ५०० तास ठेवतात. यांत्रिक चाचणीत ८० अंशांवर हायड्रोजन न वापरता दोन मिनिटे कोरडी आणि दोन मिनिटे दमट हवा देत २०,००० आवर्तने करतात. झिरपणारा हायड्रोजन विद्युतप्रवाहाच्या रूपात मोजतात, आणि गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १५ मिलिअँपिअर इतकी धरतात. ताण वेगळे करून पाहणे हे संशोधकाच्या दृष्टीने रास्तच आहे, कारण कोणत्या दोषाचे मूळ कुठे आहे हे त्यातून कळते. पण या दोन्ही परीक्षांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण झालेली मेम्ब्रेन दोन्ही ताण एकदम आल्यावर टिकेलच असे नाही, आणि म्हणूनच त्याच खात्याने ९० अंशांवर उघड्या परिपथातच कोरडे-ओले आवर्तन करणारी संयुक्त चाचणीही दिलेली आहे. ती अवघड आहे, वेळ खाते, आणि तिचे निकाल बहुधा कमी आकर्षक येतात. माझ्या मते निबंधांत ती क्वचित दिसण्याचे खरे कारण हेच असावे.

शिवाय काळाचे गणित पाहावे. पाचशे तास म्हणजे एकवीस दिवसही नाहीत. अवजड मालवाहू वाहनांसाठी त्याच खात्याने ठेवलेले २०३० चे उद्दिष्ट २५,००० तासांचे आहे, म्हणजे न थांबता चालवले तर पावणेतीन वर्षांहून अधिक. दोहोंतले अंतर पन्नास पटींचे आहे, आणि ते एकाच गुणकाने भरून काढता येत नाही, कारण तापमान वाढवल्याने प्रत्येक प्रक्रिया सारख्याच पटीने वेगावत नाही. काही प्रक्रिया तर प्रवेगित चाचणीत घडतच नाहीत. त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे रॅडिकल शमवण्यासाठी मेम्ब्रेनमध्ये मिसळल्या जाणाऱ्या सेरियम या धातूच्या आयनांची हालचाल, आणि तिच्याविषयी थोडे थांबून लिहिणे आवश्यक वाटते.

सेरियम आयन हायड्रॉक्सिल रॅडिकलला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतो आणि स्वतः चतुःसंयुजी होतो. मग पेरॉक्साइडच त्याला पुन्हा त्रिसंयुजी अवस्थेत आणते. त्यामुळे अगदी थोडा सेरियमही पुनःपुन्हा वापरात येतो आणि उघड्या परिपथाच्या चाचणीत मेम्ब्रेनचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते. इथवर सर्व ठीक आहे. अडचण अशी की हा आयन मेम्ब्रेनला बांधलेला नसतो. सल्फोनिक गटांशी त्याचे नाते केवळ विद्युतभाराचे असते. घटातून प्रवाह वाहू लागला की धनभारित सेरियमही प्रोटॉनबरोबर कॅथोडकडे ओढला जातो, उत्प्रेरक थरातल्या पॉलिमरमध्ये शिरतो, पाण्याच्या हालचालीबरोबर आडवाही सरकतो, आणि काही अंश बाहेर वाहून जातो. ज्या भागातून तो निघून गेला तो भाग संरक्षणाविना उरतो. जिथे साचला तिथे प्रोटॉनच्या जागा अडवून घटाची कामगिरी घटवतो. आता उघड्या परिपथाच्या चाचणीकडे पुन्हा पाहा. तिच्यात बाहेर प्रवाह वाहतच नाही. म्हणजे सेरियमला हलवणारे मुख्य बल ज्या परिस्थितीत अनुपस्थित आहे, नेमक्या त्याच परिस्थितीत आपण सेरियमची परीक्षा घेतो आणि त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. पेरॉक्साइड तयार होण्याच्या दृष्टीने ही चाचणी कठोर आहे हे मान्य, पण संरक्षक द्रव्य जागेवर टिकते का या प्रश्नाच्या दृष्टीने ती अतिशय सौम्य आहे.

सेरियम जखडून ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. कुणी सेरियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण वापरतात, कुणी त्यांत झिर्कोनियम मिसळतात, कुणी क्राउन ईथरसारख्या रेणूंनी आयनाला धरून ठेवतात, तर कुणी हेटेरोपॉली आम्ले पॉलिमर साखळीलाच सहसंयुज बंधाने जोडतात. या सर्व प्रयत्नांविषयी मला आदर आहे. मात्र ऑक्साइडचे कण मेम्ब्रेनच्या आम्लात हळूहळू विरघळतात, त्यामुळे ते कण आहेत म्हणून स्थिर आहेत असे गृहीत धरता येत नाही. अशा प्रत्येक निबंधात चाचणीआधीचा आणि नंतरचा सेरियमचा नकाशा असायला हवा, मेम्ब्रेनच्या जाडीतून आणि पृष्ठभागावरूनही, आणि तो प्रवाह वाहिल्यानंतर घेतलेला हवा. पृष्ठभागावरचा नकाशा क्ष-किरण प्रतिदीप्तीने मिळतो, त्यासाठी नमुना नष्टही करावा लागत नाही; जाडीतल्या नकाशासाठी मात्र छेद घ्यावा लागतो. समीक्षकांनी हा एक नकाशा मागायला सुरुवात केली तरी पुष्कळ दावे आपोआप नेमके होतील.

मेलेल्या मेम्ब्रेनची तपासणी फार खर्चाची नाही. मेम्ब्रेन आणि तिच्या दोन्ही इलेक्ट्रोडांची जुळणी सोडवून चौकटीत बसवायची, एका बाजूने नायट्रोजनमध्ये मिसळलेला थोडा हायड्रोजन द्यायचा, दुसरी बाजू हवेत उघडी ठेवायची आणि वरून अवरक्त कॅमेऱ्याने पाहायचे. जिथून हायड्रोजन निसटतो तिथे तो उत्प्रेरकावर लगेच जळतो आणि पडद्यावर उजळ ठिपका उमटतो. कधी असा एकच ठिपका असतो, आत येणाऱ्या वायूच्या मार्गाजवळ, सीलच्या कडेला चिकटून; कधी अस्पष्ट, पसरट उजाळा असतो. पहिल्याला बहुधा यांत्रिक कारण असते, दुसऱ्याला रासायनिक झीज. नंतर त्याच जागेचा आडवा छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जाळीच्या कोणत्या बाजूचा थर पातळ झाला, भेग उत्प्रेरक थरातून खाली उतरली की मेम्ब्रेनमध्येच सुरू झाली, आणि कॅथोडमधून विरघळून आलेले प्लॅटिनम कुठे पट्ट्यासारखे साचले हे दिसते. (त्या प्लॅटिनमच्या पट्ट्याने नुकसान होते की उलट रॅडिकल शमतात, यावर अजून मतभेद आहेत, ते मिटवायलाही असेच छेद हवेत.) एवढे दोन फोटो आणि त्यांच्यासोबत जागेचा स्पष्ट उल्लेख मिळाला, तर स्टॅक जुळवणाऱ्याला वायूचा मार्ग बदलायचा, कडेची पट्टी मजबूत करायची की मेम्ब्रेनच बदलायची हे ठरवता येते. पुरवठादाराकडून आम्हाला मिळणाऱ्या कागदांत मात्र ‘चाचणी उत्तीर्ण’ एवढाच शेरा असतो, आणि एकदा तर तो शेरा असलेल्या मालाच्या सर्व जुळण्या कडेच्या एकाच पट्टीवर फाटलेल्या निघाल्या.

लोहाबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेतल्या घटात ग्राफाइटच्या प्लेटा आणि शुद्ध पाणी असते. वाहनात पोलादी प्लेटा, जोडनळ्या, झडपा आणि रस्त्यावरची हवा असते. अत्यल्प लोहानेही रॅडिकल तयार होण्याचा वेग वाढतो. म्हणून नव्या मेम्ब्रेनची निदान एक चाचणी मुद्दाम, मोजून लोह मिसळून व्हावी, आणि किती मिसळले ते सांगावे.

फ्लोरिनविरहित, हायड्रोकार्बन साखळीच्या मेम्ब्रेनविषयी वेगळे सांगायला हवे, कारण युरोपात पाच देशांनी मांडलेला पीएफएएस वर्गातील (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त) पदार्थांवरील निर्बंधांचा प्रस्ताव फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून त्यांच्यावरचे काम वाढले आहे. या मेम्ब्रेनमधून वायू कमी झिरपतो, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांच्यातील सुगंधी (बेंझिनसारख्या) वलयांवर रॅडिकल सहज हल्ला करतात, आणि कोरड्या अवस्थेत त्या ठिसूळ होतात. शिवाय त्यांच्यात फ्लोरिनच नसल्याने फ्लोराइड मोजून ऱ्हास ओळखण्याची आपली जुनी पद्धत इथे निरुपयोगी ठरते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड नाही म्हणून मेम्ब्रेन शाबूत आहे असे सुचवणारे वाक्य एखाद्या निबंधात आले तर समीक्षकाने ते खोडावे. पाण्यातील सल्फेट, विघटित सेंद्रिय तुकडे आणि पॉलिमरचा घटलेला रेणुभार असे वेगळे मापदंड समित्यांनी शक्य तितक्या लवकर ठरवून द्यावेत. ते ठरेपर्यंत दोन जातींच्या मेम्ब्रेनची केलेली तुलना अर्धवटच राहील.

निधी देणाऱ्या संस्थांना एक वेगळी विनंती आहे. नवीन पदार्थासाठी पैसे मिळतात, जुन्या पदार्थाला मरेपर्यंत चालवण्यासाठी मिळत नाहीत, असा सार्वत्रिक अनुभव आहे. चाचणीचा बाक महिनोन्‌महिने अडकून पडतो, विद्यार्थ्याचा कार्यकाळ संपतो आणि शेवटी निबंधात लिहायला ‘अमुक तासांनी निकामी झाली’ एवढेच उरते, म्हणून कुणी तिकडे वळत नाही. यावर उपाय म्हणून प्रकल्पाच्या मंजुरीतच काही रक्कम निकामी होईपर्यंतच्या चाचणीसाठी आणि तपासणीसाठी राखून ठेवावी, आणि मेम्ब्रेन लक्ष्याआधी गेली म्हणून प्रकल्प अयशस्वी ठरवू नये. लक्ष्याच्या निम्म्यावर गेलेल्या, पण का गेली हे नीट समजलेल्या मेम्ब्रेनचा अहवाल मला, केवळ उत्तीर्ण झालेल्या मेम्ब्रेनच्या अहवालापेक्षा, कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

उत्पादकांचा आक्षेप मला ठाऊक आहे: निकामी मेम्ब्रेनचे फोटो प्रसिद्ध केले तर स्पर्धक त्याचा फायदा घेतील. त्यासाठी पदार्थाचे घटक आणि प्रक्रिया उघड करण्याची गरज नाही. जाडी, आधाराची जाळी आहे की नाही, संरक्षक द्रव्य कोणते, चाचणीचे चक्र कोणते, किती तासांनी गळती मर्यादेपलीकडे गेली, आणि ठिपका कडेपासून व वायूच्या प्रवेशापासून किती अंतरावर होता, एवढ्या नोंदी नाव न घेताही एका सामाईक तक्त्यात देता येतील. असा तक्ता कोणत्या स्वरूपात असावा हे ठरवण्यासाठी समित्यांनी पुढच्या बैठकीत एक छोटा गट नेमावा, आणि त्यात स्टॅक जुळवणाऱ्या आणि उघडणाऱ्या लोकांपैकी किमान दोघे असावेत. आमच्याकडच्या नोंदी, ज्या ग्राहकांनी परवानगी दिली त्यांच्या बाबतीत, पहिल्या मसुद्यासाठी द्यायला मी तयार आहे.

आपला नम्र,
स्टॅक तपासणी विभागात काम करणारा एक अभियंता